दोन गव्हाणी

दोस्तांनो, ऊस खाताना तुम्ही चोथा थुंकून टाकता ना? आता ऊस मिळाला की एक काम करा. एक पेर तोडून घ्या, चावा, रस गिळा, पण चोथा लगेच टाकू नका. चावत राहा. अगदी पन्नास वेळा चावा. काय होईल? आधी तोंडभर गोडी, मग थोडीशी, मग काहीच नाही. नुसतं लाकूड चावल्यासारखं वाटेल. कितीही चावलं तरी गेलेली गोडी परत येणार नाही.

आता ज्वारीच्या भाकरीचा एक कोरडा तुकडा तोंडात टाका आणि तोही तसाच चावत राहा. इथे बरोबर उलटं होतं! सुरुवातीला फिका लागणारा तुकडा हळूहळू गोड लागायला लागतो.

भाकरीत साखर घातली नव्हती, तरी ती गोड लागली. आणि चोथा तर उसाचाच, तरी तो फिका! आता मी तुम्हाला सांगितलं की त्या फिक्या चोथ्यातसुद्धा भरपूर साखर शिल्लक आहे, तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण आहे खरी. फक्त ती आपल्याला काढता येत नाही. ती काढता येते बैलाला, गाईला, म्हशीला, शेळीला. आज आपण त्याचीच गोष्ट बघणार आहोत.

गोष्ट ऐकायला चला इंदापूर तालुक्यात. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की वाटेत भवानीनगर लागतं. इथे छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. बारामती तालुक्यात माळेगावला आणि सोमेश्वरनगरलाही असेच सहकारी कारखाने आहेत. गाळप हंगाम सुरू झाला की या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रीघ लागते. हंगाम सुरू होताना कारखान्यात पूजा होते आणि उसाची पहिली मोळी टाकतात. कशात टाकतात माहीत आहे? गव्हाणीत! ऊस आत ओढून नेणाऱ्या त्या लांबलचक पट्ट्याला कारखान्यात गव्हाणच म्हणतात.

आणि गाडीचे बैल सोडल्यावर ते कुठे तोंड घालतात? तेही गव्हाणीतच. तिथे गव्हाण नसली तर समोर टाकलेल्या वाढ्यांच्या ढिगात. म्हणजे एकाच उसाच्या दोन गव्हाणी झाल्या. एक लोखंडी, दुसरी जनावराची. बघू या, कोणती जास्त हुशार आहे.

लोखंडी गव्हाण

कारखान्यात ऊस आधी मोठ्या सुऱ्यांनी तोडला जातो, मग पिंजला जातो. नंतर तो एकामागून एक अशा चार-पाच मिलांच्या जाडजूड रुळांमधून दाबला जातो. शेवटच्या मिलांकडे जाताना त्यावर गरम पाणी सोडतात, म्हणजे आत अडकलेली साखर पाण्यात उतरते आणि पुढच्या दाबात बाहेर येते. दाबा, भिजवा, पुन्हा दाबा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एक टन उसातून साधारण १०० किलो साखर मिळते. आणि बगॅस, म्हणजे कारखान्याचा चोथा, निघतो २८० ते ३०० किलो. त्यात निम्मं पाणी असतं. पाणी सोडलं तर उरतो दीडशे किलोच्या आतबाहेर कोरडा माल. त्यातला सुमारे ४० टक्के भाग असतो सेल्युलोज. करा हिशोब! जवळजवळ ६० किलो झाला. आणि हे सेल्युलोज म्हणजे दुसरं काही नसून ग्लुकोजची, म्हणजे साखरेचीच माळ असते.

कारखाना या बगॅसचं काय करतो? बॉयलरमध्ये जाळतो. त्याची वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो, वीजही तयार होते. म्हणजे ते वाया जात नाही. पण साखरेची माळ शेवटी चुलीतच जाते! आणि उसाचं वाळलेलं पान, म्हणजे पाचट, ते तर कारखान्यापर्यंत येतच नाही. ते फडात राहतं आणि कित्येक ठिकाणी तिथेच पेटवून दिलं जातं. ऊस तुटला की संध्याकाळी क्षितिजावर धुराचे पट्टे तुम्ही पाहिलेच असतील.

मणी तेच, गाठ वेगळी

भाकरीतलं पीठही ग्लुकोजच्या मण्यांची माळ आणि चोथ्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मग फरक कुठे पडला? गाठीत! पिठाच्या माळेत मणी अशा गाठीने जोडलेले असतात की माळ सैल, वेटोळी राहते. आपल्या लाळेत ती गाठ सोडवणारं विकर आहे. विकर म्हणजेच एन्झाइम. म्हणून भाकरी तोंडातच गोड व्हायला लागते.

सेल्युलोजची गाठ वेगळी असते. तिच्यामुळे माळा अगदी सरळ राहतात, एकमेकींना घट्ट चिकटून मोळीसारख्या बांधल्या जातात. वर लिग्निन नावाचा पदार्थ सिमेंटसारखा लिंपलेला असतो. ही गाठ सोडवणारं विकर आपल्या शरीरात नाही. आणि गंमत म्हणजे गाईच्या शरीरातही नाही!

तुम्ही म्हणाल, मग गाय कडबा पचवते कशी? उत्तर असं की, ती पचवतच नाही. ती पचवून घेते.

चार खोल्यांचं पोट

गाईबैलांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात आठ-दहा घागरी सहज मावतील. आत ३९ अंश सेल्सिअस ऊब, मिट्ट काळोख आणि हवेतला प्राणवायू जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी राहतात सूक्ष्मजीव. किती? कोटीपोटातल्या एका मिलीलीटर पाण्यात जीवाणूंची संख्या १००० कोटींच्या घरात असते. म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त जीव एवढ्याशा पाण्यात! शिवाय एकपेशीय प्राणी असतात, बुरश्या असतात. सेल्युलोजची गाठ सोडवणारी विकरं यांच्याकडे आहेत.

म्हणजे शेतकरी जशी गाय पाळतो, तशी गाय हे सूक्ष्मजीव पाळते. ती त्यांना ऊब देते, चारा देते, घुसळून देते. कोटीपोट मिनिटाला एकदा-दोनदा आवळतं. जनावरांचे डॉक्टर डाव्या कुशीवर मूठ दाबून ठेवतात ना, ते हेच मोजत असतात. सूक्ष्मजीव चाऱ्यातून आम्लं तयार करतात आणि ती आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून सरळ रक्तात जातात. हीच गाईची मुख्य शक्ती. शेवटी बरेचसे सूक्ष्मजीवही वाहत चौथ्या कप्प्यात जातात आणि तिथे गाय त्यांनाही पचवून टाकते. त्यातून तिला प्रथिनं मिळतात.

आता गाईची खरी युक्ती बघा. चारा खाताना ती घाईघाईत चावते. अर्धवट चावलेला घास कोटीपोटात जाऊन भिजतो, सूक्ष्मजीव त्याला चिकटतात, तो मऊ पडतो. मग ती निवांत बसते आणि तोच घास पुन्हा तोंडात आणून चावते. हेच ते रवंथ! दिवसातले सात-आठ तास तिचं हे काम चालतं. वाळलेलं कठीण पान एकदम बारीक दळायचं तर केवढी ताकद लागेल! गाय तसं करत नाही. आधी थोडं तोडायचं, मग भिजवून मऊ करायचं, मग दळायचं, मग पुन्हा भिजवायचं. आणि घास पुरेसा बारीक झाल्याशिवाय तो सहसा पुढच्या कप्प्यात सरकत नाही. पाणी लवकर पुढे जातं, पण जाड काडी दोन-दोन दिवस आत राहते.

आम्लं तयार झाली की पोट आंबट होणार, नाही का? त्यावरही सोय आहे. गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लीटर किंवा त्याहूनही जास्त लाळ सुटते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. जितकं रवंथ, तितकी लाळ. पण बैलाने चुकून धान्याच्या पोत्यात तोंड घातलं, तर ही सोय अपुरी पडते. पिठूळ पदार्थांपासून आम्ल इतक्या वेगाने तयार होतं की पोट आंबतं आणि जनावर दगावूही शकतं. हेही लक्षात ठेवा.

पासष्ट वर्षांची चूक

कोटीपोटातल्या बुरश्यांची एक मजेदार हकिकत आहे. १९१० साली लीबेटान्झ नावाच्या शास्त्रज्ञाने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले शेपटी हलवत पोहणारे बारीक जीव पाहून त्यांचं वर्णन केलं. सगळ्यांना वाटलं, हे एकपेशीय प्राणी असणार. बुरशी असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण बुरशीला प्राणवायू लागतो असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं! पुढे १९७५ साली इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिलं की हे पोहणारे जीव म्हणजे बुरशीची पिल्लं आहेत. ती पोहत जाऊन चाऱ्याच्या काडीला चिकटतात आणि मुळांसारखे तंतू आत खुपसतात. भिंतीत पिंपळ उगवला की भिंतीला तडे जातात ना, तशी ही बुरशी काडी आतून फोडते. वर विकरंही सोडते.

आणि आता आपल्या पुण्याची गोष्ट. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, १९४६ साली स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी एका शेळीच्या कोटीपोटातून अशीच एक नवी बुरशी वेगळी केली. ती आधीच्या कोणत्याही प्रजातीत बसेना. २०१८ साली तिला नवं नाव दिलं गेलं, लीबेटान्झोमायसेस. ज्याने १९१० साली ते जीव पाहिले होते, त्याचंच नाव! मोठमोठ्या प्रयोगशाळा जी विकरं शोधतायत, ती कुंपणाला तोंड लावणाऱ्या शेळीच्या पोटात सापडावीत, याची मला तरी फार गंमत वाटते.

कारखाना शाळेत जातो

आता प्रश्न असा की, गाईला जमतं ते कारखान्याला का जमू नये? पाचट, बगॅस, भाताचा पेंढा यांच्यातली साखर काढून तिचं इथेनॉल करावं, ते पेट्रोलमध्ये मिसळावं.

कारखान्याने आधी निवडला घाईचा रस्ता. माल आम्लात भिजवायचा, १५० अंशांच्या वर वाफेने तापवायचा, म्हणजे सिमेंट सैल होतं. मग बुरशीपासून काढलेली विकरं घालायची, साखर सुटली की यीस्टकडून तिचं इथेनॉल करून घ्यायचं. बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात राहू या गावी प्राज कंपनीने असा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्याचं उद्घाटन मे २०१७ मध्ये झालं. त्याच तंत्रावर हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लीटर इथेनॉल करण्यासाठी तो उभारला आहे.

काम मोठंच आहे. पण आम्ल, वाफ, विकत आणलेली विकरं, आम्ल सोसणारी भांडी, सगळ्याला पैसे लागतात. गाय हे सगळं ३९ अंशांवर, बसल्या बसल्या करते! म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा तिच्याकडे वळले.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये काही शास्त्रज्ञांनी रवंथच यंत्रात उतरवलं. गवत आणि जीवाणू एका भांड्यात घातले आणि आंबणं चालू असतानाच त्यात पोलादी गोळ्या फिरत ठेवल्या. आम्ल नाही, कडक वाफ नाही. मऊ पडलेला भाग गोळ्यांनी दळला जायचा, नवा भाग उघडा पडायचा, त्यावर जीवाणू तुटून पडायचे. २०१७ साली त्यांनी दाखवलं की अशा रवंथामुळे गवतातली साखर सुटण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. हे जीवाणू गाईच्या पोटातले नव्हते बरं का. ते ६० अंशांच्या आसपास राहणारे, उष्णतेची आवड असलेले होते. आपलं नेहमीचं यीस्ट मात्र त्या गोळ्यांच्या माऱ्यात काम करू शकलं नाही. कामगार दुसरीकडचे, पण कामाची पद्धत गाईची!

आठवतं ना, मघाशी साखर कारखाना काय करत होता? दाबा, भिजवा, पुन्हा दाबा. रसासाठी तो आधीपासूनच थोडंसं रवंथ करतो आहे. फक्त चोथ्यापाशी येऊन तो थांबतो.

दुसरा धडा पुण्याच्याच डॉ. आनंद कर्वे यांनी घेतला. गोबर गॅसच्या टाकीत आपण शेण घालतो. कर्वे यांनी विचार केला, की गॅस करणारे सूक्ष्मजीव मूळचे जनावराच्या पोटातले. जनावर काय खातं? चारा, धान्य. शेण म्हणजे त्यातलं पचण्याजोगं काढून घेतल्यावर उरलेला भाग. मग या सूक्ष्मजीवांना उष्टं का द्यायचं? सरळ जेवणच देऊ या! त्यांच्या 'आरती' या संस्थेने २००३ च्या सुमारास घरगुती टाकी तयार केली. तिच्यात खरकटं, खराब झालेलं पीठ, नासकी फळं असं काहीही चालतं. शेण लागतं, पण सुरुवातीला, दुधाला विरजण लावावं तसं. या कामाला २००६ साली लंडनमध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण अशा टाकीत एकदम खूप पीठ ओतलं तर? बरोबर ओळखलंत! धान्य खाल्लेल्या बैलासारखं टाकीचंही पोट आंबतं आणि गॅस बंद पडतो. मोठ्या बायोगॅस प्रकल्पातले तंत्रज्ञ टाकीतलं आम्ल सारखं तपासत असतात, ते जणू टाकीचे डॉक्टरच.

गाय आणि टाकी यांच्यात एक फरक मात्र आहे. गाईला आम्लं हवी असतात, गॅस नको असतो. कोटीपोटात तयार होणारा मिथेन ती ढेकरेवाटे बाहेर टाकते. तेवढी शक्ती तिची वाया जाते आणि हवेत गेलेला मिथेन पृथ्वी तापवतो. टाकीत मात्र आपल्याला तोच मिथेन हवा असतो. म्हणून टाकीत माल जास्त दिवस ठेवतात, म्हणजे सावकाश काम करणाऱ्या जीवाणूंना आम्लांचाही मिथेन करायला वेळ मिळतो. गाय जिथे थांबते, तिथून पुढे टाकी चालू लागते.

मग शेळीची ती बुरशी टाकीत का घालत नाहीत? शास्त्रज्ञ तोच प्रयत्न करतायत. पण ही बुरशी भारी नखरेल! हवेचा वारा लागला तरी मरते. शेळीच्या पोटात जी मजेत राहते, ती हजारो लीटरच्या लोखंडी टाकीत टिकवणं अवघड असतं. तुमच्यापैकी कोणाला पुढे हे कोडं सोडवायचं असेल, तर जागा रिकामी आहे!

मग पाचट कोणाचं?

समजा, उद्या हे सगळं जमलं. पाचटापासून स्वस्तात गॅस किंवा इथेनॉल होऊ लागलं. मग फडातलं सगळं पाचट गोळा करून कारखान्याला द्यायचं का?

जरा थांबा. उसाची हिरवी वाढी बैलाला लागतात. आणि पाचट? ते फडात पसरून ठेवलं, तर खोडव्याला त्याचं पांघरूण होतं. ओल टिकते, तण कमी येतं आणि पाचट हळूहळू कुजून त्याचं खत होतं. ते कुजवतं कोण? मातीतले जीवाणू, बुरश्या, गांडुळं. म्हणजे जमिनीलाही पोट आहे आणि तिच्यासमोरही गव्हाण मांडलेली आहे! मी सुरुवातीला दोन गव्हाणी म्हणालो, त्या मोजताना ही तिसरी राहूनच गेली. वर्षानुवर्षं ऊस काढायचा, पाणी द्यायचं आणि या गव्हाणीत मात्र काहीच टाकायचं नाही, तर जमीन उपाशी पडेल.

तेव्हा भांडण आहे ते या तीन गव्हाणींचं. कोणाला किती वाटा द्यायचा, हे प्रत्येक शेतकऱ्याला आपली जमीन बघून ठरवावं लागेल. पण एक गोष्ट नक्की. पाचटाला काडी लावली, की तिन्ही गव्हाणी रिकाम्या राहतात. तुमच्या घरचा ऊस तुटला आणि कोणी काडेपेटी काढली, तर एवढं त्यांना जरूर सांगा. लहान तोंडी मोठा घास म्हणतील, म्हणू देत!

आता या आठवड्याचा प्रयोग. निवांत बसून रवंथ करणारी गाय, म्हैस किंवा बैल शोधा. थोडं लांब बसा, त्याला बिचकवू नका. नरड्याकडे नीट बघा. घास वर येताना फुगीर गोळा चढताना दिसतो. तो आला की जबडा किती वेळा हलतो ते मोजा. मग तो गिळल्यावर पुढचा घास यायला किती सेकंद लागतात तेही मोजा. असे दहा घास मोजा आणि सरासरी काढा. हिरवा चारा खाल्ल्यावर आणि वाळला कडबा खाल्ल्यावर आकडे बदलतात का, हेही बघा.

तुमच्या वर्गात हंगामापुरती आलेली, ऊसतोडीला आलेल्या आईवडिलांची मुलं असतील, तर त्यांना सोबत घ्या. रात्री कोपीशेजारी बांधलेल्या बैलांचं रवंथ ऐकत ती झोपतात. बैल कशाने बिघडतो, त्याचं पोट कसं ओळखायचं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना विचारा आणि त्यांनी काय सांगितलं ते आम्हालाही लिहून कळवा.

आणि हो, चोथा थुंकण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात!